उत्तर: मे महिन्यात नागपुरात फिरायचं काय?

ताई, तुम्ही वर विचारलंत की ४५ डिग्रीत नागपुरात बघायला काय असतं, तर बाकीच्यांनी तलाव सांगितले, मी झाडं सांगते. सकाळी साडेसहाच्या आत सिव्हिल लाइन्सला या, आणि गाडी बाजूला लावून पायीच फिरा. बहावा असा फुललेला असतो की पानं जवळपास दिसतच नाहीत, नुसते पिवळे झुंबर लटकलेले, आणि खाली रस्त्यावर पाकळ्यांचा सडा. गुलमोहराचं फूल खाली पडलेलं दिसलं तर उचलून बघा, चार पाकळ्या लाल आणि पाचवी मोठी, पांढरट, तिच्यावर लाल ठिपके, माझ्या मुलीला हे दाखवलं तेव्हापासून ती रोज एक फूल घरी आणते. जांभळा ताम्हण दिसला तर थांबाच, आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे ते, पण कित्येकांना ओळखूच येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नऊनंतर मात्र बाहेर राहू नका बाप्पा, ऊन लागतं. घरी येऊन कैरी उकडून गूळ, जिरेपूड घालून पन्हं करायचं, माठातल्या पाण्याचं, फ्रिजचं नको. संध्याकाळी ऊन उतरलं की फुटाळा तलावावर बर्फाचा गोळा, आमच्याकडे कालाखट्टाच लागतो. आणि एखादी आजी टोपलीत चारं घेऊन बसलेली दिसली तर नक्की घ्या, जंगलातलं फळ आहे, याच्याच बियांतून चारोळी निघते, थोडेच दिवस मिळतं.