‘गो-अराउंड’ सांगूनही विमान उतरवलं जातं, तेव्हा फर्स्ट ऑफिसरने नेमकं काय करायचं?

नभोवाचक

एअर इंडिया एक्स्प्रेसचे दोन अपघात: मंगळूर (२२ मे २०१०, १५८ मृत्यू) आणि कोझिकोड (७ ऑगस्ट २०२०, २१ मृत्यू). दोन्हीकडे बोइंग ७३७-८००, दोन्हीकडे टेबलटॉप (टेकडीच्या सपाट माथ्यावरची) धावपट्टी, दोन्हीकडे विमान कॅप्टनच्या हातात. आणि दोन्ही चौकशी अहवाल एकाच जागी येऊन थांबतात: फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं, विमान तरीही उतरवलं गेलं, आणि फर्स्ट ऑफिसरने कंट्रोल स्वतःकडे घेतले नाहीत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अप्रोच (उतरण्यासाठीचा शेवटचा टप्पा) ‘अनस्टेबल’ आहे हे कुठल्या आकड्यांवर ठरतं? शेजारचा ऐकत नसेल तर किती वेळ थांबायचं, आणि कंट्रोल घ्यायचे म्हणजे हाताने नेमकं काय करायचं? चाकं टेकल्यावरही वर जाता येतं का?

उजवी_सीट

आधी आकडे. ढगात असाल तर धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर आणि बाहेर स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर सगळं जागेवर असायला हवं. चाकं खाली, लँडिंगचे फ्लॅप लावलेले, लँडिंग चेकलिस्ट पूर्ण. वेग व्हीरेफच्या (त्या वजनाला ठरलेला उतरण्याचा वेग) खाली नाही आणि २० नॉटपेक्षा जास्त वरही नाही. उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत, आयएलएसची (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ मार्गदर्शन यंत्रणा) सुई एका ठिपक्याच्या आत, आणि इंजिनं आयडलवर (किमान जोरावर) नाहीत. कंपनीगणिक थोडा फरक असतो, पण सांगाडा हाच.

शेवटची अट बरेच जण हलक्यात घेतात. इंजिनं आयडलवर असली तर लिव्हर पुढे ढकलल्यावर पूर्ण जोर यायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात विमान खालीच येत राहतं. थ्रस्ट आयडलवर ठेवावा लागतोय याचाच अर्थ विमान उंच आहे किंवा वेगात आहे.

तपासायची सोपी रीत: ग्राउंडस्पीडला पाचने गुणा. १४० नॉटला तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला ७०० फूट. मंगळूरला विमान हव्या त्यापेक्षा जवळपास दुप्पट उंचीवर होतं आणि ती उंची मोडायला दर ४,००० फुटांच्या आसपास नेला गेला. धावपट्टीच्या उंबरठ्यावर ५० फूट आणि १४४ नॉट हवे होते. प्रत्यक्षात साधारण २०० फूट आणि १६० नॉटच्या वर. तिथे चर्चेला जागाच नव्हती.

आता मुख्य प्रश्न. उतरताना पायलट मॉनिटरिंग (विमान चालवत नसलेला, लक्ष ठेवणारा वैमानिक) फरक दिसताच नाव घेऊन सांगतो: ‘स्पीड’, ‘सिंक रेट’, ‘ग्लाइडस्लोप’. चालवणाऱ्याने ‘करेक्टिंग’ म्हणायचं आणि सुई खरंच परत यायला हवी. दोन हाकांना योग्य प्रतिसाद नसेल तर तो माणूस अक्षम झाला आहे असं धरायचं. बेशुद्धच असायला हवा असं नाही. डोळे उघडे, हात हलतायत, पण डोक्यात ‘उतरायचंच’ एवढंच उरलंय, हाही अक्षमपणाच. ओळखायला हाच सगळ्यात अवघड, कारण समोरचा अधूनमधून उत्तर देत असतो.

गो-अराउंडची हाक मात्र या दोन हाकांच्या हिशोबात येत नाही. ती कुणीही दिली की तिथेच अमलात आणायची. वाद, खुलासा सगळं वर गेल्यावर. मंगळूरच्या अहवालात नोंद आहे की सहवैमानिकाला गो-अराउंड सुरू करायचा अधिकार देणाऱ्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळे त्याने तीनदा सांगितलं पण कंट्रोल घेतले नाहीत. कोझिकोडच्या अहवालात तर ‘पायलट मॉनिटरिंगने कंट्रोल न घेणं’ थेट संभाव्य कारणात आहे. मला ही दोन वाक्यं फार महत्त्वाची वाटतात. पहिलं सांगतं की तरुण माणसाला अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून द्यावा लागतो. दुसरं सांगतं की नुसता लिहून देऊन भागत नाही.

हाताचं काम विमानावर अवलंबून. ७३७ मध्ये दोघांसमोरचे कॉलम (योक, म्हणजे विमान वळवायचे दांडे) एकमेकांना जोडलेले असतात. मोठ्याने ‘आय हॅव कंट्रोल’, एक हात योकवर, दुसरा थ्रस्ट लिव्हरवर समोरच्याच्या हातावरून, टोगा (गो-अराउंडचा जोर देणारं बटण) दाबायचा. समोरच्याने सोडलं नाही तर झटापट होते, हे खरं आहे. म्हणूनच ही गोष्ट उंची हातात असताना करायची. एअरबस ए३२० च्या साइडस्टिक जोडलेल्या नसतात. दोघांनी एकदम हलवल्या तर दोन्ही इनपुटची बेरीज होते आणि ‘ड्युअल इनपुट’ असा आवाज येतो. तिथे स्टिकवरचं लाल बटण दाबून धरायचं, ‘प्रायॉरिटी राइट’ ऐकू आलं की स्टिक तुमची. ४० सेकंद धरून ठेवलं तर समोरची स्टिक बंदच राहते.

टायर_आणि_ब्रेक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टेकल्यावर वर जाता येतं, पण रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवणारी यंत्रणा) ओढला की नाही. रिव्हर्सर परत बंद व्हायला वेळ लागतो, एखादा अर्धवट उघडा राहू शकतो, आणि त्या क्षणी स्पॉयलर (पंखांवरच्या, उचल मोडणाऱ्या फळ्या) वर असतात, ब्रेक लागलेले असतात. कॅनडात क्रॅनब्रुकला ११ फेब्रुवारी १९७८ रोजी हेच झालं: धावपट्टीवर बर्फ काढणारं वाहन दिसलं, रिव्हर्स निवडल्यावर पुन्हा उड्डाण केलं, एक रिव्हर्सर नीट बंद झाला नाही. मंगळूरलाही रिव्हर्सर निवडल्यानंतर वर जायचा प्रयत्न झाला. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं होतं. अहवालाचं म्हणणं असं की तेव्हासुद्धा पूर्ण ब्रेक लावून ठेवले असते तर ते फरसबंद भागात थांबू शकलं असतं. म्हणजे उशिराचा गो-अराउंड हा न घेतलेल्या गो-अराउंडइतकाच घातक.

अंतराचा हिशोब डोक्यात हवा. १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. अलगद टेकवायच्या नादात विमान पाच सेकंद तरंगलं की ३६० मीटर गेले. ‘मऊ लँडिंग म्हणजे चांगला पायलट’ हा प्रवाशांचा समज ओल्या धावपट्टीवर उलटा आहे. तिथे चाकं ठामपणे टेकवायची असतात. पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरतात आणि स्पॉयलर विनाविलंब उघडतात.

टेकायची जागा म्हणजे पहिला एक तृतीयांश भाग किंवा ३,००० फूट, यांतलं जे कमी ते. कोझिकोडला ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं ४,४३८ फुटांवर टेकली, पाठीमागून १४ नॉट वारा, ग्राउंडस्पीड १६५. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १४० च्या तुलनेत ब्रेकना जवळपास ४० टक्के जास्त ऊर्जा जिरवायची होती, आणि तीही उरलेल्या अर्ध्या, ओल्या धावपट्टीवर.

पाण्याचं म्हणाल तर टायरचा दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, नऊने गुणा: त्या वेगाच्या वर टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतो. २०० पीएसआयला १२७ नॉट. म्हणजे टेकताना तुम्ही त्या वेगाच्या वरच असता. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीची अवस्था ० ते ६ अशा कोडने सांगतात: कोरडी ६, तीन मिलिमीटरपर्यंत ओली ५, त्याहून जास्त पाणी साचलं की थेट २. पाचावरून दोनावर येणं हा फरक मुंबईत पावसाच्या एका सरीत होतो, म्हणून लँडिंगचं अंतर अप्रोच सुरू करण्याआधी दोन्ही कोडना काढून ठेवायचं.

नभोवाचक

दोघांचेही आभार. मग इतकं स्पष्ट असताना हात मागे का राहतो? इंधनाची भीती?

सिम_प्रशिक्षक

इंधन सहसा कारण नसतं. पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्यावर ३० मिनिटांचं अंतिम राखीव इंधन घेऊनच विमान निघतं. पावसाळ्यात मुंबईला येताना समजूतदार कॅप्टन त्याहून जास्त घेतो. खरं ओझं वेगळंच असतं. कोझिकोडच्या अहवालात लिहिलंय की कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान तिथूनच न्यायचं होतं आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते. पहिल्या प्रयत्नात वायपर बंद पडला होता, एक गो-अराउंड आधीच झाला होता. कॉकपिटमध्ये येण्याआधीच निर्णय अर्धा झालेला असतो तो असा. रोस्टर बनवणारं टेबलही सुरक्षेचाच भाग आहे, हे मला ठासून सांगायचंय.

पण एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत. गो-अराउंड ‘साधा’ म्हणून शिकवू नका. प्रवासाच्या शेवटी विमान हलकं असतं, दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात, नाक झपाट्याने वर. अंधारात किंवा ढगात ही वेगवाढ शरीराला ‘नाक फारच वर गेलं’ अशी भासते आणि पायलट योक पुढे ढकलतो. कझान (१७ नोव्हेंबर २०१३) आणि रोस्तोव्ह (१९ मार्च २०१६) या रशियातल्या शहरांत ७३७ गो-अराउंडमध्येच नाक खाली करून जमिनीत गेली.

त्यामुळे ७३७ वर क्रम असा पक्का करून घ्या: टोगा एकदा दाबा. ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असेल तर एका दाबाने मोजका जोर मिळतो, मिनिटाला हजार-दोन हजार फूट चढण्यापुरता. दुसऱ्या दाबाला पूर्ण. नाक १५ अंशांकडे, नजर कृत्रिम क्षितिजावर, खिडकीबाहेर नाही. ‘फ्लॅप्स १५’. चढण दिसली की ‘गिअर अप’. मग किती उंचीवर थांबायचंय ते मोठ्याने, कारण हलकं विमान तिथे फार लवकर पोहोचतं. आणि एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगणं सगळ्यांत शेवटी.

सिम्युलेटरमध्ये हा सराव एका इंजिनावर, मिनिमावरून (धावपट्टी दिसली नाही तर जिथून वर जायचं ती किमान उंची) घेतला जातो, कारण परीक्षेत तोच असतो. दोन्ही इंजिनं चालू, विमान हलकं, ४० फुटांवर, चाकं टेकायच्या बेतात, आणि हाक उजव्या सीटवरून, असा सराव मागून घ्या. प्रशिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत, दहा मिनिटांत दोनदा होतो.