मदत हवी आहे : कॅसँडरच्या घराण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात मॅसेडोनियाच्या अँटिपेटर घराण्यावर वीस मिनिटं बोलायचंय, आणि एका ठिकाणी अडले आहे.

सिकंदराचा सेनापती अँटिपेटर, त्याचा मुलगा कॅसँडर. सिकंदराची आई ऑलिंपियास, बायको रोक्साना आणि कोवळा मुलगा, तिघांचाही जीव यानेच घेतला. आणि लग्न केलं ते सिकंदराच्या सावत्र बहिणीशी, थेसालोनिकीशी. आजचं थेसालोनिकी शहर तिच्याच नावाने त्याने वसवलं. इ.स.पू. 305 च्या सुमारास तो राजा म्हणवून घेऊ लागला. त्याच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला हेराक्लीसचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला मुलगा आणि 'राजा कॅसँडरचे' अशी अक्षरं आहेत.

297 मध्ये तो वारला आणि तीन वर्षांत सगळं संपलं. थोरला मुलगा फिलिप काही महिन्यांतच क्षयाने गेला. मधल्या अँटिपेटरने (आजोबांचंच नाव), आई थेसालोनिकी धाकट्याला झुकतं माप देते म्हणून, तिलाच मारलं. हे वाचताना माझा हात थांबला. धाकट्या अलेक्झांडरला मदतीला आलेल्या डेमेट्रियस या सेनानीने 294 मध्ये लारिसा शहरात मारलं.

प्रश्न असा : 279 मध्ये कॅसँडरचा पुतण्या 45 दिवस राजा होता. तेवढेच दिवस वाहणाऱ्या वाऱ्यांवरून लोक त्याला 'एतेसियास' म्हणत. त्याला याच घराण्यात धरायचं का? वंशावळीत तुम्ही कुठे दाखवाल? आणि थेसालोनिकीवर मराठीत काही वाचलं असेल तर नक्की सांगा. तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.