टेस स्लेसिंजर: घरच्या ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा

छोटी: आत्या, तू सांगितलेला 'डान्स, गर्ल, डान्स' काल रात्री पाहिला. हा सिनेमा १९४० चा आहे? ती ज्युडी नाचता नाचता थांबते, रंगमंचाच्या पुढे येते आणि हुल्लड करणाऱ्या पुरुषांना सुनावते, की बघा, पन्नास सेंट मोजलेत ना, डोळे भरून बघून घ्या, मला लाज वाटत नाही. तो प्रसंग मी मागे नेऊन परत पाहिला. लिहिलंय कोणी?

आत्या: टेस स्लेसिंजर आणि तिचा नवरा फ्रँक डेव्हिस. मूळ कथा विकी बाऊमची, दिग्दर्शन डोरोथी आर्झनरचं. तेव्हा आरकेओ या स्टुडिओला या सिनेमात मोठा तोटा झाला. १९७० नंतर स्त्रीवादी समीक्षकांनी तो पुन्हा चर्चेत आणला आणि २००७ मध्ये अमेरिकेने जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत त्याला जागा दिली.

काका: स्लेसिंजर म्हणजे 'द अनपझेस्ड' लिहिणारी ना? कादंबरी चांगली होती. पण १९३५ मध्ये हॉलिवूडला गेली आणि लेखिका म्हणून संपली. तिकडे गेलेल्या बऱ्याच डाव्या लेखकांचं तेच झालं.

आत्या: दादा, 'संपली' हे मला मान्य नाही. जेवणं उरकून सविस्तर लिहिते.

वहिनी: आत्या, आधी कादंबरीबद्दल सांगा ना. मला तिचं नावही माहीत नव्हतं.

आत्या: सांगते गं. टेसचा जन्म १९०५ चा, न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबात. तिचा पहिला नवरा हर्बर्ट सोलो. 'मेनोरा जर्नल' या मासिकाभोवती जमलेल्या डाव्या बुद्धिवंतांच्या गोतावळ्यातला. संपादक एलियट कोहेन, समीक्षक लायनेल ट्रिलिंग ही सगळी त्याच वर्तुळातली माणसं. १९३२ मध्ये घटस्फोट झाला आणि १९३४ मध्ये कादंबरी आली. तीन मित्र एक क्रांतिकारी मासिक काढायचं ठरवतात. एक प्राध्यापक, एक कादंबरीकार आणि तिसरा माइल्स फ्लिंडर्स. बोलणं भरपूर होतं, मासिक काही निघत नाही. भुकेल्यांच्या मोर्चासाठी निधी हवा म्हणून एका श्रीमंत घरात मेजवानी होते. महामंदीची वर्षं आहेत, बाहेर लोकांना काम नाही, आणि आत खाणंपिणं चाललंय. हे चित्र तिने त्या माणसांना जवळून पाहून लिहिलंय. ट्रिलिंगने १९६६ मध्ये या कादंबरीवर सविस्तर लेख लिहिला, तोही त्याच गोतावळ्यातून आलेला माणूस म्हणून.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते शेवटचं प्रकरण. 'मिसिस फ्लिंडर्स' ही कथा म्हणून १९३२ मध्येच 'स्टोरी' मासिकात आली होती. माइल्सची बायको मार्गारेट गर्भपात करून प्रसूतिगृहातून बाहेर पडते. नवरा टॅक्सी बघतोय. आत तिच्या शेजारच्या खाटांवर बाळंतिणी होत्या. त्या बाळं घेऊन घरी जाणार, ही फळांची टोपली घेऊन निघालीय. पैसे नाहीत, मूल झालं की माणूस संसारात गुरफटतो, मग विचार आणि चळवळ मागे पडते, असं नवऱ्याचं म्हणणं.

वहिनी: म्हणजे गर्भपाताच्या विरोधातली कथा आहे का?

आत्या: मला तसं वाटत नाही. शब्दात निर्णय दोघांचा आहे, प्रत्यक्षात त्याच्या भीतीचा आहे. ती 'हो' म्हणाली, कारण 'नाही' म्हटलं असतं तर ती मागासलेली ठरली असती. पुरुषांच्या बरोबरीने विचार करायचा म्हणजे आपलं आतलं काही बोलायचंच नाही, हा दबाव टेसने १९३२ मध्ये लिहून ठेवला. गर्भपात तेव्हा अमेरिकेत बेकायदेशीर होता, छापील कथेत तो इतक्या उघडपणे येणं सोपं नव्हतं.

वहिनी: हे वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. कथा मिळाली तर द्या.

काका: मान्य, कथा मोठी आहे. म्हणून तर म्हणतो, हिने हॉलिवूडला जायला नको होतं. पर्ल बकच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीचं सिनेमासाठी रूपांतर करायला दुसरे होते की.

आत्या: होतेच, ती पटकथा तिघांच्या नावावर आहे. दादा, पण तिथे ती नुसती पगार घेत बसली नव्हती. पडद्यावर कोणाचं नाव लागणार हे तेव्हा स्टुडिओ ठरवायचा. लिहिलं एकाने आणि नाव दुसऱ्याचं, असं सर्रास व्हायचं. १९३३ मध्ये पटकथाकारांची संघटना, स्क्रीन रायटर्स गिल्ड, उभी राहिली, तर १९३६ मध्ये मालकांच्या मर्जीतली 'स्क्रीन प्लेराइट्स' ही वेगळी संघटना पुढे आली. त्या झगड्यात टेस गिल्डच्या बाजूने काम करत होती. १९३८ मध्ये पटकथाकारांच्या मतदानात गिल्ड जिंकली. मासिकाचा एक अंकही न काढणाऱ्या माणसांवर कादंबरी लिहिणाऱ्या बाईने पुढे खरोखरीची कामगार संघटना बांधायला हात लावला. मला हा तिच्या लेखनाचाच पुढचा भाग वाटतो.

बंटी: मग पुढे कम्युनिस्टांना शोधून छळणाऱ्या मॅकार्थीवाल्यांच्या तडाख्यात सापडली असेल.

आत्या: नाही रे, त्याआधीच गेली. २१ फेब्रुवारी १९४५, कॅन्सर, वय ३९. 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' त्याच महिन्याच्या शेवटी प्रदर्शित झाला. तिची आणि फ्रँकची पटकथा, त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. दिग्दर्शक एलिया काझान, त्याचा पहिला मोठा चित्रपट. याच काझानने १९५२ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या चौकशी समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावं सांगितली.

छोटी: मुलं होती का तिला?

आत्या: दोन. मुलगा पीटर डेव्हिस. व्हिएतनाम युद्धावरचा 'हार्ट्स अँड माइंड्स' हा माहितीपट त्याचा, त्याला ऑस्कर मिळालं. आणि तुझ्या लहानपणीच्या दप्तरावर विनी द पूह होता ना? त्या पूहचे अमेरिका-कॅनडातले व्यापारी हक्क १९३० मध्ये घेणारा स्टीफन स्लेसिंजर हा टेसचा भाऊ.

काका: ठीक आहे, 'संपली' हा शब्द मागे घेतो. पण कादंबरी एकच राहिली, ही हानी आहेच.

आत्या: हानी आहेच दादा, त्यावर वाद नाही. हॉलिवूडवर कादंबरी लिहायला घेतली होती तिने, ती अपुरी राहिली. पण ती कॅन्सरमुळे राहिली. त्याचा दोष सिनेमाला देऊ नकोस.

बंटी: पुढच्या रविवारी 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' बघूया का सगळे? काका, तुमच्याकडे मोठा टीव्ही आहे.

काका: या. चारला सुरू करू. सूनबाई, तोपर्यंत तू ती कथा वाच आणि आल्यावर मला सांग, मार्गारेटला 'नाही' म्हणता आलं असतं का.