एकाच आजारात आधी गुठळी आणि मग मेंदूत रक्तस्राव?

प्रश्न :
माझ्या पुतण्याला वयाच्या सहाव्या वर्षापासून वारंवार ताप येतो आणि पायांवर निळसर-जांभळी जाळी उमटते. रोहिणींचा दाह, म्हणजे पॉलिआर्टेरायटिस नोडोसा, असे निदान झाले. पुढे त्याला अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, एमआरआयमध्ये मेंदूतील एक बारीक वाहिनी बंद पडल्याचे दिसले आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झाले. गेल्या महिन्यात मात्र मेंदूत रक्तस्राव झाला, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन थांबवले आहे. हे दोन वेगळे आजार आहेत का?

प्रतिसाद १ (संधिवाततज्ज्ञ) :
आजार बहुधा एकच असावा, कारण दाह रक्तात नसून वाहिनीच्या भिंतीत आहे. भिंत सुजून पोकळी अरुंद झाली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तीच भिंत दाहाने कमकुवत झाली की तिला फुगा येतो किंवा ती फुटते. तुम्ही सांगितलेली लक्षणे लहानपणीच सुरू झाली असल्यामुळे ‘डाडा-टू’ची, म्हणजे अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज-२ या विकराच्या जन्मजात अभावाची, तपासणी अवश्य करून घ्यावी. हा आजार २०१४ मध्ये अमेरिका आणि इस्रायल येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे ओळखला. भारतातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. या आजारात रक्तस्रावाचा धोका मोठा असल्याने अ‍ॅस्पिरिन शक्यतो टाळतात. टीएनएफ हा दाहकारक घटक रोखणारी इंजेक्शने हाच मुख्य उपचार ठरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत १५ रुग्णांना या इंजेक्शनांपूर्वी मिळून ५५ पक्षाघात झाले होते आणि उपचार चालू असताना एकही झाला नाही. हा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण रक्तस्रावानंतर घरातले सगळेच खचलेले असतात.

प्रतिसाद २ :
माझ्या मुलीला हाच आजार आहे. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी तिची क्षयरोगाची तपासणी केली होती, कारण या औषधाने शरीरात दबलेला क्षय उफाळू शकतो. स्टेरॉइड चालू असेल तर रक्तदाबाकडे रोज लक्ष ठेवा. भिंत आधीच नाजूक असताना वाढलेला दाब परवडत नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. त्याच्या धाकट्या बहिणीला काहीच त्रास नाही. तिचीही तपासणी करावी का?

प्रतिसाद १ :
पुतण्याचे निदान पक्के झाले, तर जरूर करावी. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आल्यावरच हा आजार होतो, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि काहींमध्ये लक्षणे बऱ्याच उशिरा दिसतात. रक्तातील विकराचे प्रमाण आणि जनुकचाचणी या दोन्ही तपासण्या एकाच वेळी करता येतात.