भाचा ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलाय, वकील कसा शोधायचा?

सिंहगडरोडचा_मामा

नमस्कार मंडळी, विषय जरा लाजिरवाणा आहे पण विचारतोच. माझा भाचा वय 24, आयटीआय करून चाकणला एका कंपनीत मशीनवर आहे, राहतो आमच्याकडेच. शनिवारी रात्री मित्राच्या बर्थडेवरून बाईकवर येताना बाणेर रोडला नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं तर 68 आलं. अपघात वगैरे काही नाही, देवाची कृपा. लायसन आणि गाडी दोन्ही पोलिसांनी ठेवून घेतलं, हातात एक छोटी स्लिप आणि एक मेमो दिलाय, येत्या मंगळवारी कोर्टात हजर व्हायचंय.

काल मी शिवाजीनगर कोर्टात चौकशीला गेलो होतो. गेटच्या आत पाय ठेवायच्या आधीच चहाच्या टपरीपाशी एक जण आला, काळा कोट नाही काही नाही, बगलेत फाईल, म्हणे साहेब दारूची केस का? (माझ्या तोंडावर लिहिलंय का काय!) 25 हजार द्या, केस कागदावर येणारच नाही, आतपर्यंत सेटिंग आहे, पैसे आजच द्यायचे. मी विचार करतो म्हणून सटकलो. दुसरीकडे आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात वकील बिकील काही नको, जायचं, चूक झाली म्हणायचं, दंड भरायचा, विषय संपला. नक्की काय करू? ताईला, म्हणजे त्याच्या आईला, अजून सांगितलेलं नाही, ती साताऱ्याला असते, बीपी आहे तिला.

पुणे_30

दंडाच्या दहा हजारांत बाणेर ते सिंहगड रोड किती रिक्षा झाल्या असत्या याचा हिशोब भाच्याला कागदावर मांडायला सांगा, म्हणजे शिक्षा तिथेच सुरू झाली. बाकी कायद्यातलं लिमिट 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅ, माझं नावही 30, पण मी चालत जातो.

टपरीवाल्याला मात्र एक रुपया देऊ नका. कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात, मे 2024 मध्ये, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तिथे हा फाईलवाला कोणाचं काय सेटिंग करणार? पैसे घेऊन दुसऱ्या टपरीवर जाईल फारतर.

एकदा_पोळलेला

मामा, मी यातून गेलोय म्हणून लिहितो. मी त्या काकांचंच ऐकलं होतं. गेलो, नाव पुकारलं, गुन्हा कबूल म्हटलं, 10 हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसलो होतो, शेजारी एक माणूस सारखा जांभया देत होता, त्यालाही तेच. मला वाटलं सुटलो. पण दंड भरला म्हणजे सिग्नल तोडल्यासारखी पावती फाडली असं नसतं, ती चक्क दोषसिद्धी असते, हे मला नंतर कळलं, जेव्हा नवीन नोकरीच्या फॉर्ममध्ये कधी शिक्षा झाली आहे का असा रकाना आला. वर सहा महिने लायसन सस्पेंड, रोज पीएमटीने कात्रज ते हिंजवडी. त्याबद्दल बोलत नाही.

कबूल करूच नये असं माझं म्हणणं नाही. बहुतेक लोक शेवटी तेच करतात आणि 68 आलं असेल तर कदाचित तेच बरं. पण आधी कोणीतरी जाणत्याने कागद बघू देत, मग करा.

आणि आत्ताच्या आत्ता त्या स्लिपचा फोटो काढा!! थर्मल कागद असतो, एटीएमच्या पावतीसारखा. माझी पँटच्या खिशात राहिली, महिन्यात कोरी झाली. त्यावर वेळ, मशीनचा नंबर, आकडा सगळं असतं आणि वकील पहिल्यांदा तेच मागतो.

कोर्टातला_ज्युनिअर

मी वकिली करतो, पण इथे नाव नंबर देणार नाही, आम्हाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणूनच, जो स्वतःहून येऊन केस मागतो तो एकतर वकील नाही किंवा दलाल आहे. 2023 साली ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली त्यात दलालीला तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवलीय, तरी टपरी जोरात आहे म्हणा.

आता केस. मोटार वाहन कायदा कलम 185. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा 15 हजार किंवा दोन्ही. 2019 च्या आधी पहिल्या वेळचा दंड 2 हजार होता, काकांच्या डोक्यात बहुधा तोच काळ आहे. हे जागेवर तडजोड होणारं प्रकरण नाही आणि लोक अदालतीत चलनं मिटतात तसं मिटतही नाही, कोर्टात जावंच लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे आत टाकतील म्हणून रात्रभर जागू नका. पण तारीख चुकवली तर वॉरंट निघतं, तेव्हा मंगळवारी हजर राहायचंच.

वकील बघतो काय तर फुंकर कोणी घेतली, गणवेशातला अधिकारी होता का, वेळ आणि मशीनचा नंबर मेमोशी जुळतो का, अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली का (कलम 202, नाही झाली तर सोडावं लागतं). यातून दर वेळी काही निघतंच असं नाही, 68 हा काही काठावरचा आकडा नाही, खोटी आशा देत नाही. काहींना वाटतं फुंकायलाच नकार दिला असता तर सुटला असता, तसं नाही, कलम 205 प्रमाणे तो नकारच विरोधात जाऊ शकतो.

लायसनची गोष्ट वेगळी, ती आरटीओ बघतं. सस्पेंड करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, नोटीस आली तर लेखी उत्तर द्या, शिफ्टचं काम आहे, पहिलीच वेळ आहे, जे खरं आहे ते. ऑर्डर आल्यावर 30 दिवसांत अपील करता येतं.

वकील कुठून आणायचा, तर तुम्ही लिहिलंय भाचा कंपनीत मशीनवर आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलासाठी फक्त गरीब लागतात असं लोक धरून चालतात, पण 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये औद्योगिक कामगार वेगळा दिलाय, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांनाही तसंच. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे कंपनीचं ओळखपत्र, आधार आणि तो मेमो घेऊन जा, साधा अर्ज असतो. हेल्पलाईन 15100. सुपरवायझर वगैरे पद असेल तर तिथेच विचारा बसतंय का.

पैसे देऊन करायचा असेल तर फी एका तारखेची की पूर्ण केसची हे आधी बोलून घ्या, वकीलपत्रावर सनद नंबर (वकिली परवान्याचा) असतो तो बघा, आणि निकालाची खात्री देणारा असेल तर चहा पिऊन निघा.

सिंहगडरोडचा_मामा

सगळ्यांचे आभार, पुणे 30 तुमचेही. आज सकाळी भाच्याला घेऊन त्या ऑफिसात जाऊन आलो. तो ऑपरेटर आहे, सुपरवायझर नाही, त्यामुळे अर्ज घेतला, उद्या वकील मॅडमना भेटायला बोलावलंय. स्लिपचा फोटो काढला, वेळ 11:52 आहे आणि मेमोवर 11:25, मॅडमना दाखवतो, कदाचित काहीच नसेल.

गाडीचं विचारलं तर म्हणाले सोडवायला मालकाची सही लागेल. आरसी काढून बघितली तर गाडी ताईच्या नावावर, तिनेच लोन काढून घेऊन दिली होती. म्हणजे आज रात्री साताऱ्याला फोन करावा लागणार. कोण करणार यावर मघापासून भाचा आणि मी एकमेकांकडे बघतोय.