डुप्युट्रेन कॉन्ट्रॅक्चर: सुईने दोरी तोडण्याचा अनुभव कोणाला आहे का?

मदत हवी आहे. बाबांच्या (वय ७२) उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वाकली आहेत. हाताच्या सर्जननी डुप्युट्रेन कॉन्ट्रॅक्चर असं निदान केलंय. ट्रिगर फिंगर (वाकवलेलं बोट अडकून बसण्याचा त्रास) नाही. कातडीखालचा पडदा जाड होऊन त्याची दोरी झाली आहे, तळहात टेबलावर सपाट टेकत नाही. अनामिका फक्त मुळाच्या सांध्यात वाकली आहे. करंगळी मात्र मधल्या सांध्यातही वाकलीय, आणि खरी काळजी तिचीच आहे.

मालिश, व्यायाम, रात्री स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी), सगळं करून झालं. बोटं तसूभरही सरळ झाली नाहीत. मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून मोठी शस्त्रक्रिया शक्यतो नको. सर्जन जागेपुरती भूल देऊन सुईच्या टोकाने दोरी तोडायला तयार आहेत. यात हात लवकर वापरता येतो, पण मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा बोट पुन्हा वाकण्याची शक्यता जास्त असते, आणि मधला सांधा मुळाच्या सांध्याइतका सुधारत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

ज्यांनी हे करून घेतलं त्यांना विचारायचं आहे: मधल्या सांध्यात वाकलेली करंगळी कितपत सरळ झाली, किती काळ तशी राहिली, आणि नंतर बोटाला बधिरपणा आला का?