‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ : नर्मदेच्या खालच्या प्रवाहावरून झालेली चर्चा

रावपुऱ्याहून :
काल आपल्या वडोदऱ्याच्या या चर्चागटात एका सदस्याने लिहिले की सरदार सरोवरातून नर्मदेच्या मुखाजवळच्या भरूचकडे सोडलेला प्रत्येक क्यूसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) समुद्रात वाया जातो, आणि मासेच जगवायचे असतील तर तळी खोदावीत. या मताला मिळालेली संमती पाहून मला स्वस्थ बसवले नाही. धरणाखाली ठरलेला विसर्ग ६०० क्यूसेकचा आहे. तो वर्षभर अखंड सोडला तरी सुमारे ०.४३ दशलक्ष एकर फूट पाणी लागते (एक एकरावर एक फूट साचेल ते एक एकर फूट), आणि नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये चार राज्यांत वाटले ते २८ दशलक्ष एकर फूट. म्हणजे वाटलेल्या पाण्याच्या जेमतेम दीड टक्का पाणी नदीला, आणि तेही आपल्याला खुपते! लवादाच्या निवाड्यात धरणाखालच्या नदीचा स्वतंत्र हिस्साच नव्हता.

हिलसा मासा तळ्यात वाढवून भागत नाही. ती समुद्रात राहते, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा मुखाशी आला की त्याच्या विरुद्ध चढून अंडी घालते आणि तिची पिले पुन्हा समुद्राकडे जातात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचे नेमके उलट असते. ती अंडी घेऊन मुखाकडे उतरते, कारण तिच्या पिलांना मचूळ पाणी लागते. दोघींनाही वाहती नदी हवी. माझे आजोळ भरूचचे. पावसाळ्यात कोळीण दाराशी हिलसा घेऊन येई आणि आजी भावावरून तिच्याशी भांडे. आता त्या घरी हिलसा आली तर ती बर्फातून, बाहेरगावची येते.

निवृत्त अभियंता, मांजलपूर :
ताई, आजोळच्या आठवणींवर जलाशय चालत नाहीत. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवले आणि आज नर्मदेचे पाणी मिळते त्या सौराष्ट्रातला दुष्काळ डोळ्यांनी पाहिला आहे. राजकोटला १९८६ मध्ये आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, आणि तेव्हा मी त्याच भागात कामावर होतो. हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हिलसेचे जीवनचक्र समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. २०१७-१८ मध्ये पाऊस कमी झाला आणि गुजरातच्या ९ दशलक्ष एकर फुटांच्या हिश्श्यातले निम्म्याच्या आसपासच पाणी हाती आले. अशा वर्षी आधी माणूस की आधी मासा, याचे उत्तर द्या. भरतीबरोबर नदीत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रश्न मुखाजवळ बांधला जात असलेला भाडभूतचा बंधारा सोडवील.

रावपुऱ्याहून :
भरूचच्या काठावरची माणसे माणसांत मोजायची नाहीत का? त्याच २०१७-१८ च्या टंचाईत भरतीचे पाणी नदीत आत शिरले आणि ती खारट झाली. भाडभूतच्या बंधाऱ्याला ९० दरवाजे आहेत, आणि तो उभा राहतो आहे तो नेमका हिलसेच्या प्रवेशद्वारात. खारे पाणी अडेल हे मी मान्य करते, पण खाऱ्याबरोबर मासाही अडेल. बंगालमधला गंगेवरचा फरक्क्याचा बंधारा १९७५ मध्ये सुरू होण्यापूर्वी हिलसा गंगेतून अलाहाबादच्याही वर जात असे. पुढे ती बंधाऱ्याच्या वर जवळजवळ दिसेनाशी झाली, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

कारेलीबागेहून :
भरूचची चिंता करणाऱ्यांनी आधी आपल्या शहरातल्या विश्वामित्री नदीकडे पाहावे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, आणि आमच्या तळमजल्यावरची आईची शिवणयंत्रे, वडिलांची पुस्तके, सारे चिखलात गेले. नदीच्या वरच्या अंगाचा आजवा तलाव पावसाळ्याच्या ऐन मध्यात काठोकाठ भरून ठेवण्याचा हट्ट कुणाचा? साठवण, साठवण म्हणत राहायचे आणि मग एका रात्रीत शहरावर पाणी सोडायचे!

अलकापुरीहून :
आजव्याला दोष देणे सोपे आहे. सयाजीराव महाराजांनी तो तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला आणि शहर आजही त्याचे पाणी पिते. बुजवली ती कोतरे, म्हणजे नदीकाठच्या घळी. पूररेषेत बंगले आणि दुकाने उभी राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीचे पूरक्षेत्र आणि कोतरे जपण्याचे आदेश दिले, ते कुणी वाचले का? पुरात नदीतल्या मगरी अंगणात आल्या म्हणून ओरडणारे लोक मगरींच्याच अंगणात राहायला गेले आहेत.

कारेलीबागेहून :
आमचे घर १९७१ चे आहे. शिकवण देण्यापूर्वी समोरच्याचे घर कुठे आहे एवढे तरी विचारायचे होते. चार दिवस वीज नव्हती, आजारी आईला खांद्यावर घेऊन मी जिना चढत होतो, आणि तुम्ही मला पूररेषा शिकवता?

अलकापुरीहून :
तुमच्या घरावर माझा रोख नव्हता. आपल्या आईंना त्रास झाला याचे मला वाईट वाटते. कोतरांविषयीचे माझे मत मात्र तेच आहे.

निवृत्त अभियंता, मांजलपूर :
चर्चा भरकटली असली तरी आजव्याच्या वादातून एक मुद्दा निघतो आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. पाणी किती सोडले याइतकेच ते केव्हा सोडले याला महत्त्व आहे. बारा महिने सारखे ६०० क्यूसेक सोडण्यात माशाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. तेच पाणी श्रावणातल्या उधाणांच्या दिवसांत लोंढ्यासारखे सोडले तर निदान हिलसेला मुख कळेल. मात्र धरणाखालच्या नदीतळाच्या वीजगृहातून आज भरपूर आणि उद्या काहीच नाही असा विसर्ग होत असेल, तर त्याला मी प्रवाह म्हणणार नाही. दुष्काळी वर्षी ६०० च्या वर एक क्यूसेकही देण्याला माझा विरोध कायम आहे.

रावपुऱ्याहून :
श्रावणातला लोंढा हवाच, पण उन्हाळ्यातल्या ६०० क्यूसेकमधून कापून नव्हे, कारण खारे पाणी उन्हाळ्यातच वर चढते. तुटीच्या वर्षी कालव्याला जेवढ्या टक्क्यांची कपात, तेवढीच नदीला. त्याहून अधिक नाही, असा लेखी नियम हवा. आणि जुलै ते सप्टेंबर भरतीच्या वेळी भाडभूतचे काही दरवाजे उघडे ठेवण्याची अट बंधारा पूर्ण होण्याआधी घातली जावी. काका, एवढ्या दोन अटींवर आपण सही कराल का?

निवृत्त अभियंता, मांजलपूर :
दुसरीवर करीन. पहिलीवर सौराष्ट्रातल्या लोकांना विचारल्याशिवाय नाही.